माळढोक न दाखवण्याची नोकरी

मडमबाईचे किस्से कुसळासारखे. एक काढायला वाकलं की दुसरे चार धोतराला चिकटून येतात! परवा पारावर कुणीतरी नुसतं विचारलं, "दगडूनाना, ती मडम कशी होती हो?" झालं! चुलीवरचं कालवण थंड झालं, तरी मी पारावरच.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बीडला सडकेच्या कामावर एक विलायती इंजिनेर आलता. मी त्याच्या दमणीचा गाडीवान, करीमचाचा खानसामा. साहेबाची बाई दिवसभर पाखरं बघायची आणि कागदावर रंगवायची. मराठी आमच्याकडनंच शिकली, म्हणून आमच्यासारखीच बोलायची.

एक दिवस चाचा धापा टाकत आला. त्याला साहेबाची बोली कळायची.

"दगडू, गजब हो गया! बाई साहेबाला म्हणली, सगळी पाखरं काढून झाली. माळढोक तेवढा राहिला. तो दिसला की मी विलायतेला चालले, परत येनार न्हाई!"

साहेब महिना महिना सडकेवर. बाई कंटाळली, तिचं काही चुकत नव्हतं. पण त्या बंगल्यात हसणारं माणूस तेवढं एकच! गल्लीतल्या पोरांना मांडीवर घेऊन औषध पाजायची. चाचाची खिचडी बोटं चाटून खायची.

"चाचा," मी म्हणालो, "माळढोक दिसलाच न्हाई तर?"

चाचानं दाढी कुरवाळली. "बैल तुझे, रस्ता तुझा."

*

पहिल्यांदा मी दमणी माळाऐवजी थेट आठवडी बाजारात घातली.

"माळढोक हितं?" बाई म्हणाली.

"ज्वारी खायाला येतो कदी कदी!"

बाजारात नंदीबैलवाला होता. मी हळूच त्याच्या कानात सांगितलं, बाई काहीही विचारू दे, बैलानं 'न्हाई'च म्हणायचं. बाईनं विचारलं, "मला माळढोक दिसंल का?" बैलानं मान हलवली, न्हाई! बाई खट्टू झाली.

पण गड्याला बैल पुन्हा ताळ्यावर आणता येईना. एकानं विचारलं, "पोरीचं लगीन जमंल का?" न्हाई! दुसऱ्यानं विचारलं, "पाऊस?" न्हाई! लोक गड्यावर धावून गेले. त्या दिवशी सबंध बाजारात कुणाचंच भलं झालं न्हाई!

*

मग एकदा चकलांब्याच्या माळावरनं येत होतो. लांब गवतात तीन माळढोक, माना वर काढून उभे. बाईनं दुर्बीण उचलली.

मी ओरडलो, "बाईसाहेब, तिकडं बघू नगा! माणसं परसाकडं बसलीत!"

बाई लालेलाल! दुर्बीण पेटीत गेली. पुढं कितीतरी दिवस त्या माळावरनं जाताना ती डोळे मिटून बसायची. "उठले का रे ते?" म्हणून मलाच विचारायची!

*

एकदा चाचा चहा करायला संगं आलता. झुडपाआड माळढोक दिसला, तशी त्यानं पातेल्यावर पळी बडवायला सुरुवात केली.

"कावून वाजिवतो, चाचा?" बाईनं विचारलं.

चाचाला दुसरं काही सुचेना. "वाघ! वाघ!"

बाईनं दमणीतनं उडी मारली. "कुठं?" म्हणत झुडपात पळाली! मागं मी, माझ्यामागं पळी घेऊन चाचा. वाघाला भिऊन पळणारी माणसं मी पाहिलती, वाघाच्या मागं पळणारी ही पहिलीच!

*

आता गावच्या पाटलीणबाईला आमचं कारस्थान काय ठाऊक! तिनं बाईला सांगितलं, "तुमची टोपी बघून पाखरू बुजतं. लुगडं नेसा, दमणीत गुमान बसा." आणि स्वतःच्या हातानं हिरवं लुगडं नेसवलं. मी बैल जुंपले, चाचा मागं चढला.

पण वेशीत बायांनी दमणी अडवली. "सवाशीन बाई, कोरडी कशी जाऊ द्यावी?" हळदीकुंकू झालं, ज्वारीनं ओटी भरली. मी म्हणालो, "सावकाश भरा, मावशे, घाई न्हाई!" पुढच्या वाडीत तेच. ऊन डोक्यावर आलं. चाचा गालात हसायला लागला.

माळाला लागलो, तर खुरपणाऱ्या दोन बाया पळत आल्या. एकीच्या कमरेला कुंकवाची डबी. बाईनं कपाळ पुढं केलं.

आणि गवतातनं तो निघाला! पांढरी मान, काळी टोपी, कमरेइतका उंच. तहसीलदार पाहणीला यावा तसा एकेक पाऊल टाकत थेट दमणीच्या चाकापाशी! मी खोकलो. चाचा शिंकला. मी बैलाची शेपटी पिरगाळली, बैल हलेना. पाखरू जागचं हलेना.

"या अल्ला," चाचा पुटपुटला.

बाईनं मान वर केली. समोर तो. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. रंगाची पेटी तिच्या शेजारीच होती.

मग तिनं पदर सावरला, दोन्ही हातांनी ओटी धरली.

"दगडू," ती म्हणाली, "तुमच्याकडची कोंबडी लई मोठी असती बाबा! चल, हाक दमणी. माळढोक उद्या हुडकू."