उंदरांचे अवयव तपासणारा प्रवासी

अणुचाचण्यांच्या बातम्यांचे ते दिवस होते. तमिळनाडूत कुंभकोणमहून तिरुक्करुगावूरला, गर्भ राखणाऱ्या देवीच्या दर्शनाला जाताना एका तरुणाने गर्भवती पत्नीला बसमध्ये पुढे बसवले आणि स्वतः मागे माझ्याशेजारी बसला.

“काय स्वामी, घरात भांडण?” कंडक्टर म्हणाला.

तो हसला नाही. प्रयोगशाळेत उंदरांना किरणोत्सर्गी द्रव्ये देऊन तो त्यांचे अवयव तपासत असे. आयोडीन गळ्यातील ग्रंथीत साठते, स्ट्रॉन्शियम हाडांत, असे त्याने सांगितले.

“आणि गर्भात?” मी विचारले.

“पोटातल्या पिल्लांच्या हाडांतही सापडलं, सर. म्हणून हिच्यापासून लांब बसतो.”

“हात स्वच्छ धुतल्यावर भीती नाही,” मी शिक्षकी सवयीने म्हणालो.

“रोज स्वतःला तेच सांगतो.”

इतक्यात पत्नीने मागे न पाहता शेजारच्या जागेवरची टोपली उचलून मांडीवर घेतली. तो उठला, आणि तिच्या बाकाच्या अगदी कडेला जाऊन बसला.