काचेवरचा गाल

झेरॉक्सच्या दुकानात मी थांबले होते. शेजारी आमच्या गल्लीतल्या शेवंताबाई मोबाईल डिंकाच्या बाटलीला टेकवून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा तुरुंगात आहे. हल्ली त्याची भेट फोनवर, व्हिडिओ कॉलनेच होते.

"जेवतोस का रं?"

"जेवतो, आये. तू रडू नको."

त्यांनी नकळत काचेवर दिसणाऱ्या त्याच्या गालावरून हनुवटीपर्यंत बोट फिरवलं. ते खालच्या लाल बटणाला लागलं आणि कॉल बंद झाला. पुन्हा काही लागला नाही.

घरी टीव्हीवर तावातावाने वाद चालला होता. कैद्यांना सुधारायचं कसं, गावोगाव इंटरनेट न्यायचं कसं, बड्या कंपन्यांना आवरायचं कोणी. मला त्या सगळ्यांचाच राग आला. काचेवर बोट ठेवलं की काय व्हावं, हे कुठल्याशा कंपनीत ठरवून झालेलं असतं. तिथे कोणालाच ही आई आठवली नसेल.

परवा शेवंताबाई त्याच दुकानात पुन्हा दिसल्या. समोर फोनवर मुलगा, आणि यांचे दोन्ही हात पदराखाली घट्ट धरलेले.

"आये, हाताला काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही रं," त्या म्हणाल्या, आणि हात तसेच ठेवले.