फोटो धुवायचं औषध

"बैलानं काय खाल्लं ते बैलाले मालूम; आपल्याले मालूम कराचं असन तं वाचा लागते."

देवीदास सोमकुवर डॉक्टर हे वाक्य किती वेळा म्हणाले असतील, ते पांढुर्ण्याच्या गुरांच्या दवाखान्यापुढच्या कडुनिंबालाच ठाऊक. कोणी वासरू घेऊन आलं, कोणी ठेचाळलेली बकरी खांद्यावर टाकून आणली, की डॉक्टर आधी जनावराच्या डोळ्यांत बघत, मग मालकाच्या, आणि हे वाक्य सांगूनच बाह्या वर सारत.

रामाकोन्याच्या बौद्धपुऱ्यातला हा मुलगा. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची, आणि ओटी भरता भरता पोराला एकच सांगायची, शीक. पोरगा शिकला. जबलपूरला जाऊन गुरांचा डॉक्टर होऊन आला. लोकांना वाटलं, झालं, याचं शिकणं संपलं. पण ते काही संपेना. जबलपूरहून दर महिन्याला टपालानं एक पातळ पत्रिका येई. कोणत्या भागात कोणता रोग फिरतो आहे, कोणती लस बदलली, कोणाचा कोणता उपचार फसला आणि का फसला, हे सगळं तीत असायचं. डॉक्टर ती उभ्यानंच फोडत आणि आपल्या कंपाउंडरला, वामनला, मोठ्यानं वाचून दाखवत. मजकूर हिंदी असला तरी डॉक्टरांच्या तोंडून तो वऱ्हाडी होऊनच बाहेर पडे. बकरी धरून बसलेली बाईही मान डोलवत ऐके.

याशिवाय महिन्यातून एकदा आसपासचे सगळे जनावरांचे डॉक्टर सौसरला जमत. ज्याला जे नवं कळलं ते त्यानं बाकीच्यांना सांगायचं, असा त्यांचा रिवाज. त्या दिवशी पांढुर्ण्याच्या दवाखान्याला कुलूप दिसे.

"डाक्टर कुठं गेला गा?"

"शाळेत."

"अजून पास नाही झाला वाटते!"

लोक हसत. जाम नदीपलीकडच्या सावरगावचा गुलाबराव मात्र हसत नसे. चैत्रात डॉक्टर प्रशिक्षणासाठी जबलपूरला गेले होते, तेव्हा त्याची म्हैस व्यायला अडली. वामननं त्याच्या परीनं खटपट केली. पण म्हैसही गेली आणि पोटातलं पारडूही गेलं. गुलाबरावानं त्या दिवशी गोठ्यात उभं राहून शपथ घेतली की या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. त्याची बायको मंगला रडली, पण शपथ काही तिनं घेतली नव्हती.

त्या वर्षी पाऊस आला, पेरण्या झाल्या आणि मग आभाळानं पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकायला लागली. गुलाबरावानं वाळत आलेला एक पट्टा वैरणीसाठी कापून घेतला. मधे एक सर शिंतडून गेली आणि त्या खुंटांना हिरवेगार फुटवे आले. साऱ्या रखरखाटात तेवढाच तुकडा डोळ्यांना गार वाटायचा.

पोळा तोंडावर आला होता. खैऱ्या आणि बांड्या, ही गुलाबरावाची जोडी, कपाशीच्या ओळींमधलं डवरण संपवून मोकळी झाली होती. गाडीचं भाडं, दुसऱ्यांच्या वावरातली वाही-नांगरट, घरातलं मीठमिरची, सारं या दोघांच्या खांद्यावर चालत होतं. सकाळी मंगला त्यांना घेऊन वावरात गेली. वर्षभर कडबा खाल्लेल्या बैलांचे डोळे त्या हिरव्यावर गेलेले तिनं पाहिले आणि तिचा जीव कळवळला. सणाचे दिवस आहेत, खाऊ दे बापड्यांना, असं म्हणून तिनं कासरे सोडून दिले.

बैलांनी मन भरून खाल्लं. मंगला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, निंदलेलं गवत गोळा करत होती. तिनं मान वर केली तेव्हा बांड्या दारू प्यायल्यासारखा झुलत होता. ती धावली. तोवर तो पडला. धापा टाकत, तोंडाला फेस येत, पाय झाडत तो तिच्या डोळ्यांदेखत शांत झाला. खैऱ्या अजून उभा होता, पण त्याचीही पावलं फाकत चालली होती.

हाक ऐकून गुलाबराव आला, शेजारचे आले, काठी टेकत म्हातारा चिंधूबुवा आला.

"नजर लागली," चिंधूबुवा म्हणाला. "पोळ्याच्या तोंडावर अशी तुकतुकीत जोडी चारचौघांत फिरवते का कोणी? इळा तापवा न् डाग द्या."

"म्या डाक्टरले आणतो," मंगला म्हणाली.

"नाही," गुलाबराव म्हणाला.

"अवो, बांड्या गेला. हाही चालला."

"त्याले आणून म्हैस वाचली होती का?"

"तो होता कुठं तवा? आता आहे ना!"

नवऱ्याच्या शपथेला वळसा घालून मंगला निघालीच. नदीला पाणी घोट्याएवढंच होतं. ती चपला काठावरच टाकून पळाली.

दवाखान्यात डॉक्टर एका कालवडीचा खूर तासत होते. मंगला धापा टाकत पायरीवर टेकली. डॉक्टर उठले.

"बसू नका बाई, सांगा. काय खाल्लं?"

"ज्वारी... कापल्यावर फुटली ते. म्याच बैल सोडले जी. एक गेला. माह्याच हातानं."

"किराळ लागली," डॉक्टर वामनला म्हणाले. सुकलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष चढतं, त्याला या मुलखात किराळ म्हणतात. डॉक्टरांनी कपाट उघडलं. त्यावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन होतं, पण एखाद्या वासराला पुरेल एवढंच. ते त्यांनी पिशवीत टाकलं, रबरी नळी घेतली आणि सायकलीला टांग मारण्याऐवजी ते समोरच्या रस्त्यावरून सरळ विनायकच्या फोटो स्टुडिओत शिरले. मंगला मागून धावत होती. तिला वाटलं, डॉक्टरांचं डोकं फिरलं.

"या साहेब! पासपोर्ट का फुल साइज?" विनायकनं विचारलं.

"हायपो आहे? साधा. आंबट मिसळलेला नाही पाहिजे."

"आहे ना, नवं पाकीट आहे. पण तुम्ही काय फोटो धुता?"

"बैलाले पाजतो."

विनायक बघतच राहिला. "डाक्टरसाहेब, म्या याच्यात लोकाइच्या लग्नाचे फोटो धुतो!"

"मंग बैलाच्या पोटातलंही धुऊन निघन. काढ लवकर, जीव जाऊन राहिला तिकडं."

विनायकनं पाकीट फोडलं. रसायनं तोलायच्या आपल्या चिमुकल्या तराजूत स्वच्छ खडे मोजून दिले आणि उरलेलंही पुडीत बांधून दिलं. "असू द्या," तो म्हणाला, "बैल मोठा असन."

डॉक्टर सायकलनं आणि मंगला मागून धावत वावरात पोचली तेव्हा खैऱ्या बसला होता. मान जमिनीला टेकलेली, श्वास लोहाराच्या भात्यासारखा. पण डोळा जिवंत होता. चिंधूबुवाचा इळा गोवऱ्यांवर तापत होता आणि गुलाबराव हाताची घडी घालून बाजूला उभा होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मानेची शीर धरली आणि होतं नव्हतं ते इंजेक्शन सावकाश आत सोडलं.

"रक्तात गेलं त्याच्यासाठी हे," ते म्हणाले. "पोटात अजून आहे त्याच्यासाठी दुसरं. पाणी आणा."

बादलीत हायपोचे खडे विरघळले. डॉक्टरांनी नळी बैलाच्या घशातून हळूहळू खाली सरकवली. नळीच्या टोकाला कान लावून बैलाचा श्वास तीतून येत नाही ना, ते पाहिलं. पडल्या जनावराला बांबूच्या नळकांड्यानं पाजलं की औषध फुप्फुसात जातं आणि वाचणारं जनावरही मरतं. मग त्यांनी पाणी ओतलं.

"डाक्टर," चिंधूबुवा म्हणाला, "हे काय पाजून राहिला गा?"

"फोटो धुवाचं औषध, बुवा."

"अरे बापा! म्हंजे मेला तरी फोटो चांगला येईन!"

कोणीतरी खुसकन हसलं आणि मंगलाकडे पाहून गप्प झालं. ती खैऱ्याचं वशिंड धरून बसली होती. बांड्यावर कोणी तरी पोतं टाकलं होतं. तिकडे तिची नजर जात नव्हती. हाही गेला तर आपल्या हातानं घर मोडलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. डॉक्टर मातीत तिच्याशेजारी बसले. बैलाच्या छातीवर हात ठेवून राहिले.

ऊन कलायला लागलं तसा भाता मंदावला. खैऱ्यानं कान हलवला. एक माशी उडवायला शेपूट उचललं. डॉक्टरांनी पुन्हा थोडं औषध नळीतून सोडलं. आणखी काही वेळानं बैलानं पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग उचललं, डगमगला, आणि उभा राहिला. मंगलानं पदर तोंडात घातला आणि तिथंच हमसून रडली. आधी जगलेल्यासाठी रडली. मग मान वळवून पोत्याखालच्यासाठी.

गुलाबराव कळशी घेऊन आला. डॉक्टरांच्या हातांवर त्यानं स्वतः पाणी घातलं.

"हे फोटोचं औषध," त्यानं खाली मान घालून विचारलं, "तुम्ही कुठं शिकले?"

"जबलपूरले."

"कवा?"

डॉक्टर हात चोळत थांबले. "चैतात."

पाणी पडत राहिलं. कळशी रिकामी झाली तरी गुलाबरावानं ती तशीच तिरपी धरून ठेवली होती.

"बाईनं सोडले म्हणून तिले बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "मलेही शिकाच्या आधी मालूम नव्हतं, हिरवं असं मारते म्हणून. तो पट्टा चारी बाजूनं बंद करा. आज रात्री याले फक्त कडबा. आणि उद्या दवाखाना बंद राहीन. सौसरले सगळे जमणार आहेत. सारी तहसील अशीच वाळून राहिली, हे किराळीचं सगळ्याइले सांगा लागन."

"म्हंजे उद्या पुन्हा शाळा!" चिंधूबुवानं काठी आपटली.

"जाऊ दे ना बुवा," गुलाबराव म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "त्याईले जाऊ दे. तिकडंही कोणाचा बैल असन."

मंगलानं चहाचा आग्रह केला. डॉक्टर म्हणाले, पोळ्याला येतो, तेव्हा पुरणपोळीच खाईन. त्यांनी नळी पिशवीत गुंडाळून टाकली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सायकल हातात धरून ते उताराला लागले. नदीत शिरताना त्यांनी सायकल खांद्यावर घेतली. पलीकडच्या काठावर चढून ते पांढुर्ण्याच्या घरांआड होईपर्यंत धुऱ्यावर गुलाबराव रिकामी कळशी घेऊन उभा होता. त्याच्या शेजारी मंगला, आणि तिच्या खांद्याला मान टेकवून खैऱ्या.