बोल आता

वर्गातला पंखा फिरतोय की नुसता आवाज करतोय, हे आता हर्षदाला सांगता येत नाही. भर दुपार, पोटात भाकरी, डोकं बाकावर टेकलेलं आणि गालाखाली प्रोजेक्टचे कागद. झोप एकदम येत नाही. ती आधी शेजारी येऊन बसते आणि मग हळूहळू सरकत जवळ येते, एसटीत एखादी बाई सरकते तशी.

झोपायचं नाहीये. चारला मुदत संपते.

विट्याच्या या कॉलेजात लोंढे सर लेखनाचा वर्ग घेतात. त्या वर्गात दोघादोघांच्या जोड्या असतात. एकाने लिहायचं, जोडीदाराने ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचायचं, आणि वाचन चालू असेपर्यंत लिहिणाऱ्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ‘मला तसं नव्हतं म्हणायचं’ नाही, ‘पुढे बघ ना’ नाही, काही म्हणजे काही नाही. वाचणाऱ्याने कागद पालथे ठेवून ‘बोल आता’ म्हटलं, की मग बोलायचं. शेवटी जोडीदाराने अभिप्रायाचं पान लिहायचं, आणि ते पान लावल्याशिवाय प्रोजेक्ट जमा होत नाही. सर बाकी सगळ्या बाबतीत गरीब गाय, पण या नियमात मात्र हटून बसतात.

हर्षदाची जोडीदार निलोफर मुलाणी. ती दिवाळीच्या सुट्टीत काविळीने गेली.

सर म्हणाले होते, “दुसरा जोडीदार घे बाळ. नाहीतर ते पान कोरंच लाव. मी समजून घेईन.” चांगुलपणाने म्हणाले होते. पण हर्षदाने लिहिलंय ते निलोफरचंच व्यक्तिचित्र, आणि ते दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायला तिचा हात होत नाही. कोरं पान लावायलाही होत नाही. निलोफरने वाचलं नाही, काहीच म्हणाली नाही, असं आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं होईल. आणि एकदा जमा केलं की संपलंच. दोघींच्या मधलं एवढं एकच काम अजून बाकी आहे.

बाकीची पोरं जमा करून चहाला गेलीत. हिला ‘येतीस का’ असं कुणी विचारलं नाही. त्यात वाईटपणा नाही. या दोघी असायच्या तेव्हा तिसऱ्याला जागाच नसायची, आणि पोरांना अजून तीच सवय आहे.

पंख्याचा आवाज लांब जातो.

“सरक की.”

हर्षदा सरकते. बाकाच्या आतल्या बाजूला, खिडकीकडे, जिथे ती नेहमी सरकते. निलोफर बसते. ओढणी घसरलेली, केस तेलाने चापून बसवलेले, आणि डोळे पांढरेशुभ्र. शेवटी पाहिले तेव्हा ते हळदीसारखे झाले होते. हर्षदाला एकदम बरं वाटतं. बरी झाली की ही, उगाच आपण एवढं मनाला लावून घेतलं.

ती तोंड उघडते.

“अंहं,” निलोफर म्हणते. कागद तिने कधीच उचललेत. “वाचन चालू हाय.”

तिच्या चिमटीत निळा खडू आहे, कापडावर खुणा करायचा, चपटा. निलोफरची अम्मी ब्लाउज शिवते, त्यामुळे हिच्या बॅगेत कायम तसले तुकडे असायचे. वर्गातली झाडून सगळी पोरं जोडीदाराचे कागद लाल पेनाने रंगवायची, ही एकटी खडूने खुणा करायची. म्हणायची, “मी माप टाकणार. कापायचं का न्हाई ते तू बघ.” आणि मग वर्गभर तिच्या बोटांचे निळे ठसे.

निलोफर वाचायला लागते. “निलोफर ही अत्यंत हसतमुख आणि मनमिळाऊ मुलगी होती. तिने आयुष्यात कधी कुणाचे मन दुखावले नाही. तिच्या मुखातून कधी कटू शब्द बाहेर पडला नाही.”

थांबते. कागद लांब धरते, जवळ धरते.

“ही कोण गं? आपल्या वर्गातली हाय का?”

हर्षदाला हसू येतं आणि रडूही येतं. बोलायचं नाही.

“तसं न्हवं, मला भेटायचंय हिला. लई गुणाची दिसतीया.”

शिलाई मशीन सुरू होतं. त्या आता अम्मीच्या दुकानात आहेत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोरीवर अर्धे शिवलेले ब्लाउज लटकताहेत, एकालाही बाही नाही. मशीनवर अम्मी नाही, तरी मशीनचं पायडल आपलं आपलं हलतंय. समोरच्या भिंतीवर वर्गातलाच फळा आहे आणि त्यावर सरांच्या अक्षरात आजची मुदत लिहिलेली आहे. बाक मात्र तोच.

“तुझ्या डब्यातलं लोणचं कोण खायचं? न विचारता?” निलोफर विचारते. “तुझी पहिली गोष्ट वाचून ‘ह्यात तू कुठं हायस, ही तर सगळी उसनवारी’ असं कोण म्हणालं? मग तू किती दिवस बोलत न्हवतीस माझ्याशी? आणि स्नेहसंमेलनात माझं नाव गाळलं म्हणून मी त्या पोरींना काय काय बोलले, ते कुठाय ह्यात?” ती कागद झटकते. “मेल्या म्हशीला मणभर दूध! मी मेले म्हणून एवढी चांगली झाले व्हय गं?”

तर आपण मेलोय हे तिला माहीत आहे. हर्षदाला वाटत होतं, निदान इथे तरी हे कुणाला माहीत नसेल.

तिला कितीतरी विचारायचंय. अंगाची खाज थांबली का. शेवटच्या दिवशी अम्मीने मला आत का सोडलं नाही, तू नको म्हणालीस का. तिकडे तुझ्या शेजारी कोण बसतं. ती ओठ घट्ट मिटून निलोफरकडे बघत राहते, आणि सरांचा, त्यांच्या नियमाचा आणि तो नियम बनवणाऱ्या डोक्याचा तिला मनस्वी राग येतो.

“बघू नको तसली,” निलोफर हळू आवाजात म्हणते. “मला तरी कुठं दुसरं काही बोलता येतंय? मी बी वाचतेच हाय.”

आता एसटी स्टँड आहे. गाडी लागलेली आहे आणि पाटीवर गावाचं नाव नाही. खिडक्यांशी सगळा वर्ग बसलाय, प्रत्येकाच्या मांडीवर कागद, कुणीही मान वर करून बघत नाही. बाक फलाटावर आणलाय. वारं सुटलंय पण कागद हलत नाहीत. निलोफर पुढे वाचते, आणि मधेच एका ओळीवर तिचा आवाज बदलतो.

“‘ती वाचायची तेव्हा मला माझं लिहिलेलं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय असं वाटायचं, आणि त्या दुसऱ्या मुलीचा मला हेवा वाटायचा.’”

ती तीच ओळ मनात पुन्हा वाचते.

“हिला मी ओळखते,” ती म्हणते. “हिला ठेव.”

पहिला परिच्छेद मात्र ती बोटाने शोधते आणि त्यावरून, डावीकडून उजवीकडे, निळा खडू ओढते. कापडावर कात्री चालवायच्या आधी अम्मी ओढते तशी, न थांबता.

शेवटचं पान येतं. आता ती सावकाश वाचायला लागते. एकेक शब्द. मग एकेक अक्षर. मजकूर संपतो तरी ती थांबत नाही. खाली लिहिलेलं हर्षदाचं नाव वाचते. वर्ग वाचते, विषय वाचते, हजेरी क्रमांक वाचते. कागदाच्या कोपऱ्यातलं दुकानाचं छापील नाव वाचते. पान उलटून मागची कोरी बाजू बघते, तिथे वाचायला काही मिळतं का म्हणून. हर्षदाला तेव्हा कळतं की हीसुद्धा वेळ काढतेय. कागद पालथे पडले की काय होणार, हे तिलाही माहीत आहे. दोघी त्या कोऱ्या पानाकडे बघत बसतात, आणि हर्षदाला वाटतं, आयुष्यभर तोंड मिटून बसायला माझी ना नाही.

कंडक्टर घंटी वाजवतो.

“संपलं गं,” निलोफर म्हणते. ती कागद बाकावर पालथे ठेवते, वरून हात फिरवून सारखे करते. “बोल आता.”

“थांब!”

तो शब्द रिकाम्या वर्गात मोठ्याने होतो आणि त्यानेच हर्षदाला जाग येते. फळा, बाक, पंखा. कॉलेजची घंटा नुकतीच वाजून गेल्यासारखा बाहेर पोरांचा गलका. शेजारची जागा मोकळी. ती खिडकीकडे सरकून बसलेली आहे, एका माणसाला जागा करून.

गाल पुसायला ती हात वर करते तर अंगठा निळा. ती कागद ओढते. पहिल्या परिच्छेदावरून, हसतमुख आणि मनमिळाऊ या शब्दांवरून, डावीकडून उजवीकडे एक निळी रेघ गेलेली आहे, सरळ, न थांबता ओढलेली. आता हा खडू आला कुठून म्हणाल, तर हर्षदाने बॅग उलटी केली, बाकाखाली पाहिलं, तिला तो सापडला नाही. ज्याला पटेल त्याने पटवून घ्यावं.

तिला रडायला वेळ नाही, आणि तरीही ती थोडं रडून घेते. मग नवा कागद काढून पहिली ओळ लिहिते: ‘निलोफर माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता खायची.’ पुढचं हात थांबेपर्यंत आपोआप येतं.

सर कपाट बंद करायच्या बेतात असतात. ते प्रोजेक्ट चाळतात, शेवटी अभिप्रायाच्या जागी येतात. तिथे कोरं पान नाही. जुनंच पहिलं पान लावलेलं आहे, रेघेसकट.

“हा कसला डाग पडलाय?” सर तळहाताने झटकायला जातात.

“पुसू नका, सर. अभिप्राय आहे.”

सरांचा हात तिथेच थांबतो. हा निळा रंग वर्गात कुणाला ओळखता येत नाही असं नाही. ते रेघेकडे बघतात, मग हर्षदाच्या अंगठ्याकडे. चष्मा काढून पुसतात आणि पुन्हा घालतात.

“पूर्ण वाचून झालं तिचं?”

“हो.”

“मग तुला बोलायला मिळालं की नाही?”

“एकच शब्द मिळाला, सर.”

कुठला ते सर विचारत नाहीत. ते प्रोजेक्ट गठ्ठ्यावर ठेवत नाहीत, वेगळा, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात, रेघेवर दुसरा कागद घासणार नाही असा.