पाहुण्यांच्या टेबलावरचं उष्टं

चाकणच्या एका कारखान्याचं कँटीन मी सांभाळत होतो. उरलेलं अन्न रोज दुपारी मागच्या गेटवरून एक डुकरं पाळणारा माणूस टेम्पोत घालून न्यायचा. "साहेब, माझी डुकरं कंपनीत जेवतात अन् मला गेटच्या आत सोडत न्हाईत," असं म्हणत तो ड्रम उचलायचा.

सुरुवातीला तो सगळं उकळून घालायचा. एकदा त्याने विचारलं, "यात मटण-बिटण नसतं ना? नसंल तर जळण वाचंल."

"नुसता भात, आमटी, पोळ्या," मी म्हणालो.

ते खोटं होतं. परदेशी पाहुण्यांच्या जेवणात डुकराचं मांस असायचं. त्यांचं उष्टं वेगळ्या पिशवीत भरून जाळायला पाठवायचा नियम होता. शिफ्ट बदलताना तेवढी फुरसत कोणाला नसायची. सगळं एकाच ड्रममध्ये जायचं आणि ते मला माहीत होतं.

पावसाळा संपता संपता त्याची डुकरं तापाने पडली. कान जांभळे झाले, आठवड्यात बहुतेक मेली. तपासणीत आफ्रिकन स्वाइन फीव्हर निघाला, न उकळलेल्या डुकराच्या मांसातूनही पसरणारा डुकरांचा रोग. उरलेली सरकारी माणसांनी मारून पुरली. पशुवैद्यक अधिकाऱ्यांनी माझ्यासमोरच त्याला विचारलं, "अन्न उकळलं होतं का?"

"न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

मग त्यांनी मला विचारलं, ड्रममध्ये काय असायचं. मी पुन्हा तेच सांगितलं. भात, आमटी, पोळ्या.

माझी मुलगी जैवतंत्रज्ञान शिकते. जेवताना मी तिच्याकडे हा विषय काढला. ती म्हणाली, "या विषाणूची काही जनुकं डुकराच्या शरीरातली धोक्याची हाकच दाबून टाकतात. शरीर जागं होईपर्यंत उशीर झालेला असतो. प्रयोगशाळेत त्यातली ठरावीक जनुकं काढून टाकली, तर तोच विषाणू टोचलेलं डुक्कर बऱ्याचदा जगतं."

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. काही दिवस मी स्वतःला समजावत राहिलो की मारलं ते जनुकांनी. आणि रोग त्या मांसातूनच आला, याला पुरावा तरी कुठे होता? शेवटी एकदा तिला विचारलं, "म्हणजे मारलं ते जनुकांनीच ना?" तिला ड्रमचं काहीच ठाऊक नव्हतं. ती सहज म्हणाली, "जनुकं कितीही घातक असू देत बाबा, विषाणू काही स्वतः चालत शेडमध्ये जात नाही."

दीड वर्षाने मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बसला होता. मागची शेड रिकामी होती. मी सगळं सांगितलं, पाहुण्यांच्या उष्ट्यापासून अधिकाऱ्यांना दिलेल्या उत्तरापर्यंत.

"मी उकळलं न्हाई म्हणून डुकरं गेली, असं बायको रोज म्हणती," तो म्हणाला. "मलाबी तसंच वाटत हुतं."

मी माफी मागायला लागलो, तर त्याने हात आडवा केला.

"मला नका सांगू. ती आत भाकरी करती. तिला सांगा. मी हितंच थांबतो."

मी दारात चपला काढल्या.