तळ्यातही सही, मळ्यातही सही

थांबा, आधी तो कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफा आमचा होता.

तर झालं असं की एका शनिवारी सकाळी मी एका कागदावर सही केली, की जर्मनीने युरोपियन युनियनमध्येच राहावं. आणि त्यानंतर बरोब्बर अर्ध्या तासाने दुसऱ्या कागदावर सही केली, की जर्मनीने युरोपियन युनियनमधून ताबडतोब बाहेर पडावं. दोन्हीकडे पूर्ण नाव, पूर्ण पत्ता आणि सुवाच्य अक्षर! आणि गंमत ऐका, माझा पासपोर्ट भारताचा. मला इथे मतदानाचा हक्कच नाही.

मग कशाला केल्यास रे बाबा सह्या? घरासाठी हो! दुसरं कशासाठी?

आम्ही राहतो एर्लांगेनला. मी, बायको मुग्धा आणि नऊ वर्षांची लेक ईरा. गेल्या वर्षी घरमालकाचं पत्र आलं की माझ्या मुलाला राहायला जागा हवी आहे, तीन महिन्यांत घर खाली करा. याला इथे 'आयगेनबेडार्फ' म्हणतात. शब्द आला की पुढे वाद नाही, उठायचं आणि सामान बांधायचं.

आता एर्लांगेनमध्ये भाड्याचं घर शोधून बघा! आम्ही अकरा घरं पाहिली. प्रत्येक घराबाहेर ही रांग, आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, 'कळवतो'. मुलगी बघून गेलेले लोक पूर्वी म्हणायचे ना, अगदी तस्सं. बघता बघता दोन महिने गेले. लांब जावं लागलं तर ईराची शाळा बदलणार, म्हणून ती रोज जेवताना डोळ्यांत पाणी आणायची. ती बोलते जर्मनमध्ये, रडते मात्र शुद्ध मराठीत.

बारावं घर होतं फ्राऊ विंकलर, म्हणजे विंकलरबाई, यांचं. सत्तरी पार केलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. खाली त्या राहतात आणि वरचा मजला भाड्याने देतात. ईराच्या शाळेपासून चालत पाच मिनिटं. आम्ही तिघंही बघायला गेलो आणि मी दारातच ठरवलं, हे घर सोडायचं नाही.

"स्वयंपाकघर कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"अप्रतिम!" मी म्हणालो. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत सोडून काही दिसत नव्हतं.

"आणि ही मागची खोली?"

"वुंडरबार!" त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागला होता.

न्हाणीघरात नळ टप टप गळत होता. मी त्याचंही काहीतरी कौतुक केलं असतं, पण तेवढ्यात मुग्धाने मागून चिमटा काढला.

माझा दोष नाही हो हा, वळण आहे! आमच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं, मोठं माणूस बोलत असलं की होला हो म्हणायचं. नाही म्हणायचंच असेल तर ते आपल्या घरी जाऊन म्हणायचं.

निघताना बाईंच्या दारावर निळ्या कागदावर पिवळ्या चांदण्यांचं वर्तुळ दिसलं. युरोपियन युनियनचा झेंडा. मी तो बघतोय हे बाईंनी बघितलं.

"तुम्हाला युरोपबद्दल काय वाटतं?"

"फारच सुंदर कल्पना!"

बाईंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "मग शनिवारी या ना! निवडणूक आलीये, बाजारचौकात आमचा स्टॉल असतो."

"पण मला मत नाही."

"मत नसेना का, तोंड आहे ना?"

रस्त्यावर आल्यावर मुग्धा म्हणाली, "तू घर भाड्याने घेतोयस की निवडणुकीला उभा राहतोयस?"

शनिवारी मी ईराला घेऊन चौकात हजर. चौकाच्या या टोकाला निळी छत्री, निळे फुगे आणि फ्राऊ विंकलर. त्या टोकाला एक साधं लाकडी टेबल, त्यावर पाटी: 'युनियनमधून बाहेर पडा!' आणि टेबलामागे पांढऱ्या मिशांचे एक आजोबा, एकटेच.

बाईंनी मला रुबार्बचा केक दिला. रुबार्ब म्हणजे लालसर आंबट देठ असतात, उन्हाळ्यात इथे जो तो त्यांचा केक करतो. केक खाता खाता मी विचारलं, की ही युनियन तुम्हाला एवढी का हवी?

"माझ्या आजीचे दोन भाऊ फ्रान्समध्ये लढताना मेले, तिथेच पुरलेत," त्या म्हणाल्या. "मी त्याच फ्रान्समध्ये सुट्टीला जाते, चीज घेऊन परत येते, आणि सीमेवर मला कुणी नावही विचारत नाही. यात काय कमी आहे, सांगा बघू?"

काहीच कमी नाही! मी केकची बशी खाली ठेवली. त्यांनी सह्यांचा कागद पुढे केला आणि मी सही ठोकली. मनापासून, हं!

पण माझं लक्ष सारखं पलीकडे. बाईही दर दोन मिनिटांनी तिकडेच बघत होत्या. "त्या माणसाचं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं तेच तेच बोलतोय."

आता मला सांगा, असं म्हटल्यावर कुणाला राहवेल? एकत्र कुटुंबात राहायचं की वेगळी चूल मांडायची, हाच तर हा सगळा प्रश्न. याच प्रश्नावरून आमचे दोन काका सतरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. वेगळं का व्हायचं हे लहानपणी मी धाकट्या काकांना विचारलं होतं, तेव्हा फक्त कान पिळला गेला. उत्तर राहिलंच! बाई गिऱ्हाइकांत, म्हणजे मतदारांत, गुंतलेल्या पाहून मी ईराला धरून हळूच चौक ओलांडला.

आजोबांचं नाव हेर ब्रांडल; 'हेर' म्हणजे इथे 'श्रीयुत' बरं का. कुलपं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं.

"माझं शेजाऱ्यांशी भांडण नाही," ते म्हणाले. "शेजारी चांगलेच आहेत. पण माझ्या दाराला कुठलं कुलूप लावायचं, हे युनियनमधल्या सत्तावीस जणांनी मिळून का ठरवावं? चुकलं तर चुकलं, पण माझं मला चुकू दे की!"

काय बिघडलं यात? मला तर पटलं. माझी मान आपोआप हलायला लागली. आजोबांना बहुधा सकाळपासून ऐकणारं कुणी भेटलंच नव्हतं. त्यांनी खाली वाकून डबा काढला आणि आम्हाला केक दिला. मग सह्यांचा कागद पुढे आला. त्यावर इनमीन चार नावं होती हो! इतक्या म्हाताऱ्या माणसाने केक खाऊ घालून कागद पुढे करावा आणि आपण हात मागे घ्यावा, हे आपल्याला जमतं का?

"बाबा," ईरा म्हणाली, तिच्या जर्मनमध्ये, मी तुम्हाला मराठी करून सांगतो, "तू तिकडे आधीच सही केलीस ना?"

"गप, केक खा."

"हा तोच केक आहे."

"रुबार्बचा केक सगळीकडे असाच लागतो."

मी आयुष्यात ईराचं ऐकायला हवं होतं असे जे प्रसंग आहेत, त्यात हा पहिला.

त्याच संध्याकाळी फ्राऊ विंकलर यांचा फोन. "उद्या तीन वाजता कॉफीला या. माझ्या नवऱ्याला भेटा, सगळं जुळलं तर करारावर सह्या करू." ईरा पलंगावर उड्या मारायला लागली. मुग्धाने देवापुढे साखर ठेवली.

रविवारी आम्ही तिघांनीही ठेवणीतले कपडे घालून बेल वाजवली. बेलवर दोन नावं होती, विंकलर आणि ब्रांडल. ही पाटी मी आधीही पाहिली होती, पण माझ्या डोक्यात काय, की नवरा-बायको म्हणजे आडनाव एकच, त्यामुळे ब्रांडल हा कुणीतरी दुसरा भाडेकरू असणार; कालच्या आजोबांचं नावही तेच, हे डोक्यातच आलं नाही.

दार उघडलं. समोर पांढऱ्या मिशा.

"अरे! हा तर माझा माणूस!" आजोबा आनंदाने ओरडले.

"तुझा कुठला? तो माझा माणूस!" आतून बाईंचा आवाज.

मी पायपुसण्यावरच थिजलो. आपल्याकडे नवरा-बायको घरात भांडतात आणि चारचौघांत हसतात. हे दोघं चौकात दोन टोकांना उभं राहून भांडतात आणि घरी एकाच किटलीतली कॉफी पितात, हे मी माझ्या बापजन्मात पाहिलेलं नव्हतं. केकही एकच! बाईंनी भाजायचा आणि शनिवारी दोन डब्यांत भरायचा.

दोन्ही कागद टेबलावर आले. शेजारी कराराचे कागद.

"हे अक्षर तुमचं?" बाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

"हो."

"आणि हे?"

"हो."

"मग तुमचं मत काय?"

"मला वाटतं, दोघांचंही बरोबर आहे."

"शक्य नाही," हेर ब्रांडल म्हणाले. "आम्ही चाळीस वर्षं तपासून पाहिलंय."

वेळ मारून नेण्यासाठी, आणि खरं सांगायचं तर कुतूहलही अनावर झालं होतं म्हणून, मी विचारलं, "पण तुम्ही दोघं एवढे विरुद्ध, मग एका घरात राहता कसे?"

"का?" बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे मतं जुळवून लग्नं करतात?"

"नाही, पत्रिका जुळवतात."

"आणि मतं?"

मी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धाने कॉफीत पाहिलं.

आजोबांनी चष्मा लावला. "तुम्ही काम काय करता?"

"हॉस्पिटलच्या मशिनचं टेस्टिंग. मशिनमधल्या चुका शोधून काढायच्या."

"अस्सं. मग आमच्या घरात काय चूक सापडली?"

"एकही नाही!"

त्याच क्षणी वरून आवाज आला. टप. टप.

बाईंनी कराराचे कागद दोन बोटांनी स्वतःकडे ओढून घेतले. "हे बघा, तुम्हाला युरोपात राहायचं असो की बाहेर पडायचं असो, आम्हाला दोन्ही चालतं. पण आधीचा भाडेकरूही असाच गोड होता. सगळं छान, सगळं सुंदर. तो गेल्यावर कळलं, न्हाणीघराची भिंत वर्षभर ओली होती. उद्या पाणी झिरपलं तर तुम्ही आम्हाला सांगाल?"

'हो' म्हणण्यात काही अर्थ उरला नव्हता. माझ्या 'हो'ची किंमत तिथे टेबलावर दोन प्रतींमध्ये पडलेली होती! घर गेलं याचं दुःख झालंच, पण खरं सांगतो, त्याहून लाज वाटली. दोघांनीही मला आपल्या मनातलं सांगितलं होतं, आणि मी दोघांपुढेही नुसती मान डोलावली होती.

ईराचा ओठ थरथरायला लागला. आजोबांनी ते पाहिलं असावं. ते तिच्याकडे वळले. "आणि तुला कसं वाटलं घर?"

ईराने नाक पुसलं आणि बोटं मोजायला सुरुवात केली. "नळ गळतो. मागची खोली अंधारी आहे. स्वयंपाकघरातून भिंत दिसते. जिन्याची तिसरी पायरी हलते. बाबा घरी येऊन म्हणाला की खोली आहे का तळघर."

"ईरा!" मी.

"पण शाळा जवळ आहे," ती म्हणाली. "मला इथेच राहायचंय."

"आणि युनियनचं काय? राहायचं की बाहेर पडायचं?" बाईंनी विचारलं. दोघंही पुढे वाकले.

ईराने विचार केला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "आजी फ्रान्सला जाते ते मला आवडलं. पण कुलपाचंही पटलं. मी विचार करून सांगते."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" आजोबांनी टेबलावर थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं. "बघा, असंही उत्तर देता येतं."

"मीही तेच म्हणत होतो!" मी म्हणालो.

"नाही," मुग्धा मराठीत म्हणाली, "तू केक खात होतास."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा असेल, पण त्यांचं एकमत झालं. आजोबांनी पेन काढलं, करार पुढे घेतला आणि शेवटच्या पानावर हाताने एक ओळ लिहिली: 'घरातील बिघाडांबद्दल ईरा जे सांगेल ते ग्राह्य धरण्यात येईल.' मग मला सही करायला दिलं. सही करताना दोघंही माझ्या हाताकडे टक लावून बघत होते, मी अजून कुठे दुसरी करतोय की काय.

आता आम्ही तिथेच राहतो. नळ दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. रविवारी मी खाली कॉफीला जातो, दोघांचं भांडण कान देऊन ऐकतो आणि प्रश्न विचारतो. माझं मत काय? अजून ठरत नाहीये. पण आता तसं म्हणायला शिकतोय.

शिकलो असं वाटत होतं, म्हणा! परवाच्या थंडीत हीटर बंद पडला. मी स्वेटरवर स्वेटर, गळ्याला मफलर, डोक्याला कानटोपी घालून बसलो होतो. दारावर टकटक झाली. हेर ब्रांडल, हातात पाना.

"वर गरम होतंय ना व्यवस्थित?"

"हो हो!" मी म्हणालो. "एकदम छान!"

त्यांनी माझ्या कानटोपीकडे पाहिलं. मग मला हाताने हळूच बाजूला केलं आणि आत तोंड करून हाक मारली, "ईरा!"