वास नसलेलं सर्टिफिकेट

बाय कुठलाही कागद वाचायच्या आधी त्याचा वास घ्यायची. खारघरच्या आमच्या कॉलेजात मी उद्योजकतेचा सर्टिफिकेट कोर्स शिकवते. त्याची चौकशी करायला ती आली, तेव्हा मी दिलेलं माहितीपत्रक तिने आधी नाकाशी नेलं, एक लांब श्वास घेतला आणि मग चष्मा लावला. उरणजवळच्या एका गावातली, पन्नाशी उलटलेली बाई. नातवंडं शोभतील अशी वर्गातली पोरं तिला पहिल्याच दिवसापासून बाय म्हणू लागली. मीही म्हणू लागले, आणि बायला अहो-जाहो करणं काही जमत नाही.

सगळे फी किती ते विचारतात. बायनेही विचारली, मान डोलावली आणि म्हणाली, "पैशाचा कलला. शनवार किती जातील ता सांगा."

मी चोवीस म्हणाले. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. बाय लोकांना मसाला कुटून द्यायची, आणि कोर्स जानेवारी ते जून, म्हणजे ऐन मसाल्याच्या हंगामात. गिऱ्हाईक यायचं तेही सुट्टी बघून, शनिवारीच. "लय म्हाग हाय तुमचा कागद," असं म्हणून तिने नाव घातलं.

का घातलं, ते तिसऱ्या शनिवारी डबा खाताना कळलं. चाळीस घरच्या बायका आपापल्या मिरच्या आणि खडा मसाला घेऊन तिच्या अंगणात येत. ती प्रत्येकीचं वेगळं भाजायची, कुटण्याआधी चिमूटभर हुंगायची आणि सांगायची की ह्या घराला धणे अजून लागतात, त्या घराला लवंग इतकी चालत नाही. लिहिलेलं कुठेच काही नव्हतं, सगळा कारभार नाकावर. आणि एका मोठ्या तापानंतर ते नाक दगा देऊ लागलं होतं. "कवा वास येतो, कवा नाय. म्हनून कागद हुंगते, नाक जागा हाय का बघते. ता गेला तर माजी चालीस घरां गेली." नाकावाचून चालेल असा धंदा तिला शिकायचा होता.

मला तर हुरूपच आला. आयुष्यभर पगारावर जगलेल्या माणसाला दुसऱ्याच्या धंद्याबद्दल फार लवकर हुरूप येतो. मी म्हटलं, बाय, चाळीस प्रकार कशाला? एकच चव ठरव, पाकिटं भर, लेबल लाव. तिने तसंच केलं. प्रोजेक्टला तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या हंगामात तिने चाळीस घरांना तयार पाकिटं दिली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या हंगामात त्या बायका मिरच्या घेऊन शेजारच्या गावात गेल्या. परक्या घरच्या चवीचं कालवण त्यांच्या घरी कुणी पोटभर जेवत नव्हतं.

हे मला ती सर्टिफिकेट न्यायला आली तेव्हा समजलं. ते छापून यायला वर्ष लागलं होतं, आमच्याकडे लागतं. मी माझ्या सल्ल्याबद्दल माफी मागितली. बायने सर्टिफिकेट हुंगलं आणि म्हणाली, "ह्याला कसलाच वास नाय." मला वाटलं, नाक गेलं हिचं. मी तो कागद घेऊन स्वतः हुंगला. खरंच वास नव्हता.

"तुमी जिवाला लावून घेव नका," ती म्हणाली. "एक चांगला शिकवलाव." कोर्समध्ये एक गृहपाठ असतो: दहा गिऱ्हाइकांकडे बसा, त्यांना काय हवं ते विचारा आणि लिहून काढा. बायने ती दहा घरं तेव्हा वहीत लिहिली होती. आता नाक आहे तोवर उरलेली तीस लिहायची, असं तिने ठरवलं होतं. सुनेला घेऊन ती घरोघर गेली, चुकलं म्हणाली, डब्यातला जुना मसाला मागून हुंगला आणि प्रमाण सांगत गेली. सून लिहीत गेली. पाच-सहा घरं सोडली तर बाकीची परत आली. त्यानंतर वर्षभरात नाक पुरतं गेलं. सून वहीत बघून भाजायची आणि बाय शेजारी पाटावर बसून नुसते आवाज ऐकायची. दर मे महिन्यात मला एक बरणी आणून द्यायची, झाकण उघडायला लावायची आणि माझं तोंड बघत राहायची. मला ती फार आवडायची, हे तिला कधी सांगितलं नाही.

ह्या कोर्सचा उपयोग काय, असं आता कुणी विचारलं की मी आधी त्यांचे शनिवार मोजायला लावते.

गेल्या दिवाळीनंतर बाय गेली. मी तिच्या घरी गेले, तेव्हा सुनेने मसाल्याच्या पडवीत नेलं. चुलीच्या वर, खिळ्याला, काच न लावलेल्या चौकटीत सर्टिफिकेट टांगलं होतं. धुराने पिवळं पडलेलं. तिने ते काढून माझ्या हातात दिलं.

"आई बोलायच्या, मॅडम आल्या तर त्यांना हुंगायला दे. आता तरी वास आला का, ता इचार."

मी ते नाकाशी धरलं. भाजलेली मिरची, धणे, लाकडाचा धूर. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी ते खाली ठेवलं नाही.

"आला," मी म्हणाले.